गावात निवासाची सोय नाही

बाई,

शाळेतून फोन आला होता. रविवारी तुमची शोकसभा आहे, तुमच्यावर चार चांगले शब्द लिहून आणा, म्हणाले. तुम्ही बाईंचे लाडके विद्यार्थी, आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, असंही म्हणाले. मी हो म्हणालो. हो म्हणायची मला सवयच आहे. मग कागद पुढं ओढला आणि डोक्यात जे पहिलं वाक्य आलं ते तुमच्याबद्दलचं नव्हतंच. ते मीच लिहिलेलं होतं, तीन वर्षांपूर्वी, एका अहवालात. ‘गावात निवासाची सोय नाही.’

तुमची शिस्त, तुमचा त्याग, तुमचं हसतमुख व्यक्तिमत्त्व, हे सगळं दुसरे लिहितील. तसं तुम्ही काही हसतमुख वगैरे नव्हता. वर्गात तुम्ही हसलात की आम्ही टरकायचो, कारण त्याचा अर्थ कुणाचं तरी गणित चुकलेलं असायचं. मग तो तुमचा नियम. ज्याचं चुकलं त्यानंच फळ्याशी यायचं, स्वतःच्या हातानं पुसायचं, बरोबर लिहायचं आणि सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. छडी परवडली, असं आम्ही म्हणायचो. तर ते एक वाक्य पुसायला मी आज आलोय. उशीर झालाय, तेही मान्य आहे.

संक्रांत झाली की आपल्या गावात मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा व्हायच्या. तीन दिवस. कुठून कुठून संघ यायचे, भूम-वाशीच्या एसटीतून फाट्यावर उतरायचे आणि पिशव्या खांद्याला लावून चालत शाळेत पोचायचे. मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली पिशव्यांचा ढीग पडायचा आणि त्या ढिगाशेजारी तुम्ही उभ्या असायच्या. हातात कागद नाही, काही नाही. "तू आणि तू, कमलकडं. तुम्ही दोघी त्या निळ्या दाराच्या घरी. तुम्ही चौघी इथंच थांबा, तुम्हाला न्यायला माणूस येतोय." अर्ध्या तासात लिंबाखाली एकही पिशवी उरायची नाही. गावात लॉज नव्हता, धर्मशाळा नव्हती, आणि कधी कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

त्या वाटपाचे तुमचे कायदे होते. एका घरात दोनच मुली, त्याही एकाच संघातल्या, म्हणजे परक्या घरात एकटं वाटू नये. ज्या घरात साधारण त्याच वयाची मुलगी आहे ते घर आधी. आणि ज्या घरी मुली उतरतील तिथल्या बाप्यांनी नि पोरांनी तीन रात्री अंथरूण घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला जायचं. आम्हाला त्याची केवढी मजा वाटायची. एका वर्षी तुम्ही एका आजारी म्हातारीचं घर वगळलंत, तिला त्रास नको म्हणून, तर ती म्हातारी पाडव्यापर्यंत तुमच्याशी बोलली नव्हती. आमच्या घरात काय खोट दिसली, असं तिनं चारचौघांत विचारलं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही तिच्याकडं मुद्दाम दोन दांडग्या खाणाऱ्या मुली धाडल्यात, तेव्हा कुठं तिचा राग गेला.

टँकरचं वर्ष तुम्हाला आठवत असेल. मी सहावीत होतो. आमच्याकडं दोन मुली उतरल्या होत्या, उंच, सावळ्या, दिवसभर धावून पायांना माती लागलेल्या. आई रोज दोघींना दोन बादल्या कढत पाणी काढायची. आम्ही घरातली माणसं त्या तीन दिवसांत नुसती तोंडं धूत होतो. मी तिला काही विचारायला गेलो तर तिनं दाराआड नेऊन दम दिला, पोरींपुढं पाण्याचा प नको, तंगडं मोडीन. मुली गेल्यावर तिनं घागर पालथी घालून ठेवली आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाई, मी हे मुद्दाम सांगतोय. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

तर तीन वर्षांपूर्वी स्पर्धा भरवणाऱ्या समितीनं ठरवलं की अशा स्पर्धांचा त्या-त्या गावावर आर्थिक आणि सामाजिक परिणाम काय होतो हे मोजायचं, आणि ते काम माझ्याकडं आलं. मी हुरळून गेलो. आपल्याच गावाची पाहणी आपणच करायची, आणि वर नावापुढं ‘प्रमुख संशोधक’. आधी तुमच्याकडं आलो होतो, आठवतं? तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. मी पद्धत समजावून सांगितली. बाहेरून आलेल्या माणसानं इथं येऊन राहण्यावर, जेवणावर, प्रवासावर, खरेदीवर काय खर्च केला ते मोजायचं. गावातल्या माणसाचा खर्च धरायचा नाही, कारण तो त्यानं एरवीही केलाच असता. तुम्ही शेंगा फोडायच्या थांबलात. "म्हंजे गावानं जे केलं ते मोजायचंच नाही?" मी म्हणालो, तसं नाही बाई, त्यासाठी वेगळा रकाना आहे, यजमानांनी पाहुण्यांवर केलेला खर्च. तुम्ही म्हणालात, बघ बाबा, तुझं शास्त्र तुला ठाऊक.

दोन दिवस तुम्ही माझ्याबरोबर घरोघर फिरलात. ऊन रणरणतं, तुमच्या डोक्यावर ती काळी छत्री, माझ्या हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा. कमलवहिनींचं घर पहिलं होतं. त्यांच्याकडं मुली उतरल्या नाहीत असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं. त्यांनी खाट टाकली, चहा ठेवला, आणि मी प्रश्न वाचला. पाहुण्या खेळाडूंच्या जेवणावर तीन दिवसांत अंदाजे किती खर्च आला? वहिनी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून मी फोड करून विचारलं, किती भाकरी, किती दूध, किती तेल.

"भावजी," त्या म्हणाल्या, "घरी जेवल्याल्या पोरींच्या भाकरी मोजत्यात व्हय? तुमची आई आसती तर तिनं तुमाला हे इचारू दिलं आसतं का?"

तुम्ही मागं छत्री मिटता मिटता हसलात. ते वर्गातलं हसू. मला राग आला होता, बाई, आज सांगतो. मी शहरातून शिकून आलेला माणूस, आणि ह्या बायका मला एक साधा आकडा देईनात. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. एकीनं तर कानावर हात ठेवले. तो रकाना बहुतेक सगळ्या प्रश्नावल्यांत कोरा राहिला.

सामाजिक परिणामाचा भाग शेवटी होता. ‘स्पर्धेमुळे मुलींच्या शिक्षणाला चालना मिळते’, ह्यापुढं पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, चौकोन राहू दे, मी सांगते ते लिही. मग कमलवहिनींच्या रेखाची गोष्ट सांगितलीत. सातवीनंतर तिचं नाव काढायचं ठरलं होतं. त्या वर्षी त्यांच्याकडं कोल्हापूरकडच्या दोघी उतरल्या, त्यातली एक बारावीला असलेली, बोलायला तिखट. ती तीन दिवस रेखाशेजारी झोपली, रेखाला झेपावून सुळकी मारायला शिकवलं, आणि जाताना रेखाच्या वडलांना तोंडावर म्हणाली, काका, हिला पुढच्या वर्षी संघात बघायला येणार आहे मी. पाहुण्या पोरीला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते हो म्हणाले. आणि एकदा हो म्हटल्यावर शब्द फिरवायचा कसा, म्हणून रेखा आठवीत बसली. आज ती लातूरला नर्स आहे.

मी लिहिलं नाही. पेन खिशाला लावून म्हणालो, "बाई, एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे."

"मग किती पोरी आणू?" तुम्ही विचारलंत. "सांग, आणते."

मी हसलो. तुम्ही हसत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही. आठ दिवसांनी तुमचा फोन आला. तुम्ही खरंच नावं गोळा केली होती. कोण सोनारीला दिलेली, कोण भूमला, कोण बार्शीला, सगळ्यांना निरोप धाडले होते, रविवारी सगळ्या माहेरी येतायत, तू तेवढा ये. मी म्हणालो, बाई, अहवाल कालच दिला. तुम्ही म्हणालात, अरेरे, माझाच उशीर झाला, त्या पोरींना आता नको म्हणून कळवते.

अहवाल दिलेला नव्हता, बाई. तो माझ्या टेबलावर पडून होता. त्यानंतरही दहा दिवस पडून होता. मला रविवार मोडायचा नव्हता, एवढंच. आणि खोलात जाऊन सांगायचं तर त्या पोरी आल्या असत्या आणि त्यांनी तेच सांगितलं असतं, तर मला सगळी मांडणी बदलावी लागली असती. समितीतले लोक आधीच स्पर्धा शहरात न्यायच्या बाजूला कलले होते. ते मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण असल्या गोष्टी कळतात. पुढचा मोठा अभ्यास कुणाला द्यायचा हेही तेच ठरवणार होते.

आता ते वाक्य. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दर जुलैत एक गोष्ट शिकवतो. प्रश्नावलीतला कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. कोरा म्हणजे उत्तर मिळालं नाही. का मिळालं नाही ते शोधायचं, आणि नाहीच सापडलं तर तसं स्पष्ट लिहायचं. हे मी घसा खरवडून सांगतो, परीक्षेत विचारतो, चुकलं तर गुण कापतो. आणि त्या संध्याकाळी संगणकासमोर बसून मी आपल्या गावाच्या एकेका कोऱ्या रकान्यात शून्य भरत गेलो. कमलवहिनी, शून्य. निळं दार, शून्य. ती रुसलेली म्हातारी गेली होती, तिच्या सुनेचं घर, शून्य. बेरीज छान जमली. पाहुण्यांचा राहण्यावरचा खर्च शून्य, कारण त्यांच्याकडून कुणी काही घेतलंच नव्हतं. यजमानांचा खर्च शून्य, कारण मी तसं भरलं होतं. दोन्ही बाजूंना शून्य आल्यावर खाली निष्कर्ष लिहायला मला काहीच जड गेलं नाही. गावात निवासाची सोय नाही. स्पर्धेचा स्थानिक परिणाम नगण्य आहे.

त्या निष्कर्षावर स्पर्धा शहरात गेल्या. गावात बैठक झाली तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत, मला वाटतं चारचौघांत माझ्यावरचा आळ निघावा म्हणून. शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसले होते. कुणीतरी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी माझ्या चपलांकडं. मग तुम्ही उभ्या राहिलात.

"हे आपल्या पोरानं लिहिलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "ह्याच्या आईनं टँकरच्या साली पोरींना अंघोळीला पाणी दिलंय. हा असं लिहीलच कसा? वर कुणीतरी बदललंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, जाऊ द्या सर, तुमचा काय इलाज, म्हणाला. मला चहा दिला. मी तो प्यायलो. बाई, मला पुष्कळदा वाटतं की तिथं तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी बोलून मोकळा झालो असतो. तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि माझी वाचाच बसली. हेही खरं तर निमित्तच आहे. मी घाबरलो होतो, एवढंच खरं.

पहिल्या वर्षी तुम्ही गावातल्या मुलींना घेऊन एसटीनं शहरात गेलात, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्यांवर झोपलात. दुसऱ्या वर्षी तुमच्याबरोबर चारच मुली होत्या, बाकीच्यांच्या घरचे म्हणाले, कुठं लांब हॉलात ठेवायच्या पोरी. तिसऱ्या वर्षी तुमचे गुडघे गेले आणि कुणीच गेलं नाही. तरी संक्रांत झाली की तुम्ही मैदानावर चुन्याची फक्की टाकून घ्यायच्या, मधली पाटी आखून, चौकोन मोजून, दोन्ही खांबांना चुना लावून. कशासाठी, असं गावातल्या एकानं विचारलं तर म्हणालात, "सवय आहे, हाताला."

मागच्या वर्षी मी आलो तेव्हा ती फक्की ताजी होती. आपली शेवटची भेट ती. तुम्ही मला खवा दिलात, सूनबाईला दे म्हणालात, आणि मी उठता उठता अगदी सहज विचारलंत, "तो अहवाल बदलला कुणी, ते कळलं का रे कधी?"

दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, तुमचा आवाज उतरलेला होता. ह्याहून सोपी वेळ कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, "नाही, बाई."

"जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "पण तुझ्यावर आळ आला ह्याचं मला लई वाईट वाटलं."

तो खवा मी घरी नेला नाही. भूमच्या स्टँडवर बाकावर ठेवून एसटीत बसलो. तुमच्या हातचं खायला लाज वाटली असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पण बाई, खरी लाज वाटली असती तर मी मागं वळून तुमच्या ओट्यावर आलो असतो. भूमहून गाव काही लांब नव्हतं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारणार नाही. पुरतं एक मिनिटभर तसं वाटलं, आणि मग मी जो रडायला लागलो तो बायको घाबरून धावत आली. ते एक मिनिट मी इथं लिहितोय, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही.

दहाव्याला आलो होतो. तुम्हाला बघायला आवडलं असतं. फाट्यावर एसटी थांबली आणि बायका उतरायला लागल्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचे केस पिकलेले. कधीकाळी लिंबाखाली पिशवी ठेवून उभ्या राहिलेल्या त्या मुली. निरोप कसा कुठवर पोचला, देव जाणे. त्या चालत शाळेपाशी आल्या आणि सवयीनं लिंबाखाली थांबल्या. तिथं वाटून द्यायला कुणी नव्हतं. मग कमलवहिनी पुढं झाल्या, एकीच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागल्या. मागोमाग निळ्या दारातली सून आली, तिनं दोघींना नेलं. थोड्या वेळात लिंबाखाली मी एकटाच उरलो.

माझी पिशवी घ्यायला कुणी यायचं कारण नव्हतं, मी गावचाच. पण कमलवहिनी परत आल्या आणि म्हणाल्या, भावजी, तुमी बी चला, भाकरी टाकल्यात. मी त्यांच्या ओट्यावर बसलो. आत त्या पाहुण्या बायका तुमच्या आठवणी काढून डोळे पुसत होत्या. ताट पुढं आलं, ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. मी हात लावू शकलो नाही. मी म्हणालो, वहिनी, ते वाक्य वर कुणी बदललेलं नव्हतं. ते मीच लिहिलं. तुमच्या नावापुढं शून्य मीच टाकलं.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बाईला सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"कुणी मागनं काय बोललं की बाई तुमच्यापायी त्याच्याशी भांडायची, भावजी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पार दवाखान्यात नेईपर्यंत म्हणायची, माझ्या पोरावर आळ आला."

मी मान खाली घातली. त्या आत गेल्या. मला वाटलं आता संपलं, उठावं आणि जावं. पण त्या दुसरी भाकरी घेऊन बाहेर आल्या, ताटात ठेवली, म्हणाल्या, जेवा आधी, गार हुतंय. मी जेवलो. कसा जेवलो ते विचारू नका. हात धुताना मी म्हणालो, वहिनी, मला माफ करा.

"मला एकलीला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "कागदावर समद्यांपुढं लिवलं, तसं समद्यांपुढं सांगा. रविवारी शाळंत लोक येणारेत की."

म्हणजे तुमचाच नियम, बाई. त्या सासरी आल्यावर तुम्ही त्यांनाही लिहायला-वाचायला शिकवलं होतं, हे मी विसरलो होतो.

समितीला मी पत्र पाठवलंय, माझ्या सहीनं. रकाने कोरे होते, शून्य मी भरले, निष्कर्ष चुकीचा आहे, गावात निवासाची सोय आहे, प्रत्येक घरात. स्पर्धा परत येतील असं मला वाटत नाही. ते लोक असलं पत्र फायलीला लावतात. तुम्ही गोळा केलेल्या त्या मुलींची नावं मी वहिनींकडून उतरवून घेतोय, एकेकीकडं जाणार आहे, पण ते आता कुणी मागितलेलं नाही आणि त्यानं तुमचा तो मोडलेला रविवार परत येत नाही.

शाळेनं चार चांगले शब्द मागितले होते. त्याऐवजी मी हे आणणार आहे आणि मीच वाचणार आहे, त्याच वर्गात, त्याच फळ्याशी उभं राहून. निघताना मी वहिनींना म्हणालो, मला मध्येच आवाज फुटायचा नाही बहुतेक. त्या म्हणाल्या, "मी म्होरं बसते. तुमी मोठ्यानं वाचा. बाई ऐकायची तसं ऐकते."